दुकानातला मासा आणि दोन वर्षांनंतरचा मासा

रविवारी सिल्वासा-वापी भागातल्या मत्स्यालयाच्या दुकानातून घरी येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बऱ्याचदा ठरलेली मंडळी असतात. दोन इंची ऑस्करची जोडी, बोटाएवढा अरोवाना, एखादा नारिंगी पॅरट आणि मुलांच्या हट्टाखातर घेतलेला 'छोटा शार्क'. पिशवीत सगळे गुण्यागोविंदाने असतात. घरच्या टाकीतही पहिले काही आठवडे तसेच जातात. मग एका सकाळी पॅरटचे पर कुरतडलेले दिसतात, टाकीतल्या टेट्रा मोजल्या तर कमी भरतात आणि अरोवाना फरशीवर कोरडा पडलेला सापडतो.

अशा घरांतून येणारे प्रश्न एकाच धाटणीचे असतात. ऑस्करबरोबर फ्लॉवरहॉर्न चालेल का? तीन फुटी टाकीत किती ऑस्कर मावतील? एकमेकांना मारतात तर औषध कोणतं घालायचं? दादरा आणि नगर हवेलीतल्या रांध्यासारख्या गावात, जिथे टाकीची माहिती देणारा माणूस म्हणजे बहुधा मासे विकणाराच असतो, तिथे हा गोंधळ आणखी वाढतो. या प्रश्नांचं थोडक्यात उत्तर असं आहे: शिकारी मासे एकत्र राहू शकतात, पण ते राहणार की नाही हे मासे आणण्याआधीच ठरतं. मासे टाकीत सोडल्यानंतर तुमच्या हातात फारच थोडं उरतं. म्हणून या लेखातला मोठा भाग दुकानात जाण्याआधीच्या कामांचा आहे.

आधी पूर्ण वाढीचं माप पाहा

बहुतेक शिकारी मासे भक्ष्य चावून खात नाहीत, अख्खं गिळतात. त्यामुळे जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या त्याचा घास होतो. यात राग-लोभाचा संबंध नाही. हे शुद्ध माप आहे. सोबत ठेवायच्या माशांमध्ये सर्वांत लहान मासा सर्वांत मोठ्याच्या निदान दोन-तृतीयांश लांबीचा असावा आणि हे गणित आजच्या लांबीवर न करता पूर्ण वाढीच्या लांबीवर करावं. दुकानातली सगळी पिल्लं सारखीच दिसतात; तिथेच फसगत होते.

आपल्याकडे सर्रास विकले जाणारे मासे वाढून केवढे होतात ते पाहा:

- जॅक डेम्प्सी : २० ते २५ सेंमी.
- फ्लॉवरहॉर्न : ३० सेंमीच्या आसपास. हा निसर्गात नसलेला, माणसाने संकरातून तयार केलेला मासा. १९९०च्या दशकात मलेशियातून तो सगळीकडे पसरला.
- ऑस्कर : ३० ते ३५ सेंमी. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. पहिल्याच वर्षात २० सेंमीचा टप्पा सहज ओलांडतो.
- जॅग्वार सिक्लिड : ३५ ते ४० सेंमी आणि स्वभावाने ऑस्करपेक्षा कितीतरी तिखट.
- सिल्व्हर अरोवाना : घरच्या टाकीत ६० ते ७५ सेंमी, निसर्गात ९० सेंमीपर्यंत.
- पाकू : दीड फूट सहज, कधी त्याहून मोठा. 'पिरान्हा' म्हणून विकला जाणारा मासा बहुधा हाच असतो. तोंड पाहिलं की उलगडा होतो: पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, पात्यासारखे, पाकूचे चौकोनी, दाढांसारखे. मासळी बाजारातला 'रूपचंद' तो हाच.
- 'शार्क' : हा शार्क मुळीच नाही. तो पंगस, म्हणजे खाण्यासाठी शेततळ्यात वाढवला जाणारा मासा. एक मीटरच्या पुढे जातो.
- रेडटेल कॅटफिश : एक मीटरहून मोठा.
- अॅलिगेटर गार : उत्तर अमेरिकेतल्या नद्यांचा मासा, दोन मीटरच्या वर.

यादीतले शेवटचे चार मासे घरच्या टाकीसाठी घेऊच नयेत, असं स्पष्ट सांगायला हवं. 'मोठा झाला की बघू' हे वाक्य दुकानात सोपं वाटतं. पण बघायची वेळ येते तेव्हा मासा हातभर लांब झालेला असतो आणि घ्यायला कोणी तयार नसतो. 'टाकी लहान असली की मासाही लहान राहतो' हेही तुम्हाला ऐकवलं जाईल. त्यावर विसंबू नका. अपुऱ्या जागेत आणि साठलेल्या घाणीत माशाची वाढ खुंटते, कणा वाकतो, आयुष्य घटतं. खुरटलेला मासा म्हणजे आजारी मासा.

टाकी किती मोठी आणि घराची जमीन किती भक्कम

फुटांवरून लिटर काढणं सोपं आहे. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणा, आलेल्या आकड्याला २८ने गुणा. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत ५६ लिटर पाणी मावतं. चार बाय दीड बाय दीडमध्ये सुमारे २५० लिटर. सहा बाय दोन बाय दोनमध्ये सुमारे ६७० लिटर.

एका ऑस्करला चार फुटी टाकी हा किमान हिशेब आहे. दोन ऑस्कर आणि सोबतीला आणखी कोणी हवं असेल तर सहा फुटी टाकीच्या खाली उतरू नका. उंचीपेक्षा लांबी-रुंदीला महत्त्व द्या. रुंदी दीड फूट असेल तर ३५ सेंमीचा मासा कसाबसा वळतो; दोन फूट असेल तर आरामात. उंच, अरुंद टाकी दिवाणखान्यात शोभते, पण तळावर हद्द आखणाऱ्या माशांना तिचा काही उपयोग नाही.

आता वजन. ६७० लिटर पाणी म्हणजे ६७० किलो. वर काच, दगड आणि लोखंडी स्टँड धरला की साडेआठशे-नऊशे किलो होतात आणि ते सगळं जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर येतं. राहत्या घराच्या स्लॅबचा आराखडा साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार गृहीत धरून केलेला असतो. म्हणजे सहा फुटी टाकी त्याच्या जवळपास चौपट भार एका कोपऱ्यात टाकते. रांध्यात जमिनीवर बांधलेल्या घराची फरशी सपाट असेल तर चिंता कमी. सिल्वासातल्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकी तुळईच्या वर, भिंतीला लागून ठेवा आणि त्याआधी बांधकाम अभियंत्याला दाखवा. भाड्याच्या खोलीत असाल तर घरमालकाची लेखी संमती घ्या. कामानिमित्त दर वर्ष-दोन वर्षांनी खोली बदलणाऱ्यांनी सहा फुटी टाकीचा विचारच करू नये. टाकी हलवताना मासेही जातात आणि काचही.

झाकण हवंच आणि त्यावर वजनही हवं. अरोवाना मूळचा पाण्यावर लोंबणाऱ्या फांद्यांवरचे किडे उडी मारून टिपणारा मासा आहे. घरात ट्यूबलाइट लागली, दार आपटलं, तरी तो उसळतो. वीतभर फटही त्याला पुरते.

कोण कोणाशेजारी राहील

इथे तीन मार्ग आहेत. तिन्हींची सरमिसळ करू नका.

पहिला मार्ग, एका टाकीत एकच मासा. फ्लॉवरहॉर्नसाठी दुसरा मार्ग नाहीच. तो सोबत्याला मारतो, आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जातो, टाकीत घातलेल्या हातालाही चावतो. 'आमच्याकडे फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर वर्षभर एकत्र आहेत' असं सांगणारे भेटतील. दोन्ही मासे वयात आल्यावरही तसंच आहे का, एवढं त्यांना विचारा. एकटा मासा केविलवाणा दिसेल असं वाटत असेल तर तो समज सोडून द्या. एकटा फ्लॉवरहॉर्न माणसाला ओळखतो, काचेशी येतो, हाताच्या इशाऱ्यामागे फिरतो. मालकाशी त्याचं जे नातं जमतं ते गर्दीच्या टाकीत कधीच जमत नाही.

दुसरा मार्ग, मोठ्या टाकीत तोलामोलाचे सोबती. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत बऱ्यापैकी टिकणारी रचना अशी: दोन ऑस्कर, पाच-सहा सिल्व्हर डॉलर आणि तळाला एक सेनेगल बिचिर. यामागचा हिशेब कळला की इतर जोड्याही तुम्हाला स्वतः जुळवता येतील. ऑस्कर टाकीच्या मधल्या भागात वावरतात, बिचिर तळाशी आणि सिल्व्हर डॉलर झुंडीने सगळीकडे. प्रत्येकाचा थर वेगळा, त्यामुळे हद्दीवरून वाद कमी. सिल्व्हर डॉलर १५ सेंमीचेच, म्हणजे दोन-तृतीयांशाच्या नियमात न बसणारे, पण चपटे आणि उंच अंगाचे असल्याने ऑस्करच्या तोंडात मावत नाहीत. शिवाय ते मोकळेपणाने पोहताना दिसले की लाजरे ऑस्करही बिनधास्त बाहेर येतात. बिचिर मात्र २० सेंमीच्या पुढचाच घ्या आणि त्याला लपायला जाड पाइपाचा तुकडा ठेवा. तो हळू खातो. बाकीचे त्याचा घास पळवतात. दिवे मालवल्यावर त्याला वेगळं खाऊ घालावं लागतं.

चार फुटी टाकीत एक ऑस्कर किंवा एक जॅक डेम्प्सी. पुढे मोह आवरा.

काही जोड्या दिसायला जमतील अशा वाटतात, पण जमत नाहीत. पॅरट सिक्लिडचं तोंड पुरतं मिटत नाही. त्यामुळे त्याला जबड्याने भांडताच येत नाही आणि जॅग्वार किंवा रेड डेव्हिलपुढे तो निव्वळ मार खातो. अरोवानाशेजारी ठेवलेले आक्रमक सिक्लिड त्याच्या मिशा आणि खवले खेचतात. गोल्डफिश थंड पाण्यातला, मंद चालीचा मासा आहे; तो या कुठल्याच टाकीत बसत नाही.

तिसरा मार्ग ऐकायला उलटा वाटतो: मुद्दाम थोडी गर्दी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे 'म्बुना' गटातले रंगीत सिक्लिड १० ते १५ सेंमीचे असतात आणि आपापल्या खडकावरून हाणामारी करतात. त्यांतले तीन-चारच ठेवले तर सर्वांत दांडगा नर एकेकाला गाठून मारतो. चार फुटी टाकीत भरपूर दगडांच्या कपारी करून बारा-पंधरा ठेवले आणि एका नरामागे तीन माद्या असं प्रमाण राखलं, तर त्याचा राग वाटला जातो आणि कोणा एकावर जिवावरचा प्रसंग येत नाही. मात्र गर्दीमुळे घाण वाढते, म्हणून फिल्टर दुप्पट क्षमतेचा लागतो. हे मासे दगडांवरचं शेवाळ खाणारे आहेत. त्यांना मांसाहारी माशांचं खाद्य दिलं तर पोट फुगून मरतात. ही रीत ऑस्कर-अरोवानाला लावू नका.

जागा कमी असेल आणि तरीही शिकारी मासाच हवा असेल तर आपल्याच देशातल्या माशांकडे पाहा. बाजारात टोपल्यात वळवळणारा मरळ तुमच्या ओळखीचा आहे. त्याचे वीतभरच वाढणारे भाऊबंद 'ड्वार्फ स्नेकहेड' म्हणून मिळतात. तीन फुटी टाकीत त्यांची एक जमलेली जोडी सुखाने राहते. ती हवेतून श्वास घेते, म्हणून पाणी आणि झाकण यांत बोटभर हवा सोडायची. दोन फुटी टाकीसाठी पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडचा, जेमतेम एक इंची पी-पफर आहे. गोगलगायी हेरून फोडणारा हा मासा आकाराच्या मानाने विलक्षण धीट. निसर्गात त्याची संख्या घटते आहे, त्यामुळे टाकीत पैदास झालेलाच मागून घ्या.

मासे आणण्याआधी पाणी तयार करा

टाकी भरली आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, या घाईत सर्वांत जास्त मासे जातात. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून थोडं थोडं खाद्य टाकत राहा. तपासणी संचात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. ओळखीच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर हा काळ बराच कमी होतो.

- फिल्टर : शिकारी मासे खूप खातात आणि खूप घाण करतात. तासाला टाकीतलं सगळं पाणी सात-आठ वेळा फिरेल असा पंप घ्या. मोठ्या टाकीला खाली वेगळी टाकी, म्हणजे संप, करणं सर्वांत सोयीचं आणि दीर्घकाळात स्वस्त.
- पाणी बदल : दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडण्याचा जो रोग दिसतो त्यामागे बऱ्याचदा साठलेली घाण आणि एकसुरी खाणं असतं.
- नळाचं पाणी : क्लोरिन असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात मिळणारं 'अँटी-क्लोरिन', घालूनच वापरा.
- बोअरचं पाणी : त्यात ऑक्सिजन कमी असतो. पिंपात काढून रात्रभर एअर पंप लावा, मग टाकीत घाला.
- तापमान : २५ ते २८ अंश. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर लागतो. ऑस्कर काचेचा हीटर धडक मारून फोडतो. हीटर संपमध्ये ठेवा किंवा त्याला जाळीचं आवरण घाला.
- वीज : टाकीच्या जोडणीवर गळती दिसताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. वायर खाली झोल देऊन मग बोर्डात न्या, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात शिरत नाही. हात घालण्याआधी बटणं बंद.

पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. मोठ्या माशांच्या टाकीत ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागले की समजावं. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. तो नसेल तर तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहा. वीज गेल्यावर खाऊ घालू नका. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर कित्येक तास बंद राहिला की आतले जिवाणू मरतात आणि पाणी सडतं. वीज आल्यावर ते पाणी आधी ओतून द्या, फिल्टर विसळा आणि मगच चालू करा.

सोडताना क्रम पाळा

शक्य असेल तर सगळे मासे पिल्लं असतानाच आणि एकाच दिवशी सोडा, म्हणजे कोणाचीच हद्द आधीपासून ठरलेली नसते. ते शक्य नसेल तर सर्वांत शांत मासा आधी आणि सर्वांत आक्रमक मासा शेवटी. आधीच भरलेल्या टाकीत नवा मासा आणायचा असेल तर असं करा:

१. नव्या माशाला दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, म्हणजे रोग आत येत नाही.
२. सोडण्याच्या दिवशी जुन्या माशांना पोटभर खाऊ घाला.
३. टाकीतले दगड आणि लाकूड यांच्या जागा बदला. जुन्या हद्दी पुसल्या जातात.
४. दिवे मालवा, मासा सोडा आणि रात्रभर अंधार ठेवा.
५. पुढचे दोन दिवस घरी कोणीतरी असेल अशीच वेळ निवडा.

खाऊ काय, किती आणि काय मुळीच नाही

मुख्य आहार मांसाहारी माशांच्या पेलेटचा असावा. आठवड्यातून एक-दोनदा सोललेली ताजी कोळंबी किंवा खत-औषध न मारलेल्या जमिनीतली गांडुळं द्या. सुकट देऊ नका, तिच्यात मीठ असतं. चिकन-मटणही टाळा, त्यातली चरबी माशांना पचत नाही आणि यकृताभोवती साठते. पिल्लांना दिवसातून दोनदा, पूर्ण वाढलेल्यांना आठवड्यातून चार-पाच दिवस खाणं पुरे.

जिवंत 'फीडर', म्हणजे भक्ष्य म्हणून विकले जाणारे मासे टाकीत सोडून शिकारीचा थरार मित्रांना दाखवायचा, मोबाइलवर चित्रित करायचा, हा प्रकार बोकाळला आहे आणि तो थांबायला हवा. दुकानातले फीडर गच्च भरलेल्या, रोगट टाक्यांतून येतात आणि रोग घेऊनच येतात. गोल्डफिशच्या मांसात ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारं थायमिनेज असतं. त्याच्यावर पोसलेला मासा हळूहळू अशक्त होतो. शिवाय कायद्याचाही प्रश्न आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. त्याच्या कलम ११ नुसार निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य व्हावं म्हणून कोंडणं किंवा प्राण्यांना झुंजीस चिथावणं हा गुन्हा आहे. हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राणी ठेवणंही त्याच कलमात येतं. दोन फुटी टाकीतला ऑस्कर त्या व्याख्येपासून फार लांब नाही.

भांडण कधी गंभीर मानायचं

थोडी धक्काबुक्की, पर पसरून दटावणं, रंग गडद करणं हे रोजचं आहे. पुढची लक्षणं दिसली तर त्याच दिवशी हालचाल करा:

- एक मासा कोपऱ्यात किंवा पाण्याच्या वरच्या थरात खिळून राहतो, खायला येत नाही.
- पर मुळापर्यंत फाटलेले, खवले गळालेले, डोळा सुजलेला.
- दोघे जबड्याला जबडा भिडवून वारंवार खेचाखेच करतात.
- एखादी जोडी दगड साफ करून त्यावर अंडी घालते. तिथून पुढे ते दोघे उरलेल्या सगळ्यांना एका कोपऱ्यात रेटतात.

औषधाने भांडण थांबत नाही. सिलिंगच्या दिव्यांना लावतात ती पांढरी प्लॅस्टिकची जाळी मापाने कापून टाकीचे दोन भाग करा. पाणी खेळतं राहतं आणि मासे वेगळे होतात. बाहेर काढायचाच असेल तर मार खाणाऱ्याऐवजी मारणाऱ्याला काढा. त्याला आठ-दहा दिवस वेगळं ठेवून, दगडांची मांडणी बदलून परत सोडलं की कधी कधी त्याचा माज उतरतो. दुसऱ्यांदा तेच झालं तर त्या दोघांचं जमणार नाही हे मान्य करा.

कागद, नोंदणी आणि ग्राहकाचे हक्क

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या, म्हणजे 'साइटीस' करारातल्या विदेशी प्रजाती आता या कायद्याच्या अनुसूची चारमध्ये आहेत. त्या बाळगणाऱ्यांनी परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी करावी, असे नियम फेब्रुवारी २०२४मध्ये आले. मासा ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंद करायची. पुढे जन्म, मृत्यू किंवा हस्तांतरही कळवायचं. माशांच्या बाबतीत हे मुख्यतः एशियन अरोवानाला लागू होतं: लाल, सोनेरी आणि हिरव्या रंगाचे, महागडे. अरापायमा आणि काही गोड्या पाण्यातले स्टिंगरेही करारात आहेत. सर्रास मिळणारा सिल्व्हर अरोवाना हा दक्षिण अमेरिकेतला वेगळा मासा. नावावरून गल्लत करू नका. एशियन अरोवाना घेताना मायक्रोचिपचा क्रमांक आणि प्रमाणपत्र मागा. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. शंका असेल तर वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

दुकानदाराशी बोलताना तुमची बाजू भक्कम ठेवायची असेल तर पक्कं बिल घ्या आणि त्यावर माशाचं नाव, लांबी आणि किंमत लिहून घ्या. मासा वाढल्यावर दुकान परत घेणार असेल तर तेही बिलावर लिहून मागा. ऑनलाइन मागवत असाल तर मेलेला मासा आला तर काय, ही अट आधी वाचा आणि पिशवी न फोडता पार्सल उघडण्याचं चित्रीकरण करा. पाकू 'पिरान्हा' म्हणून विकला गेला किंवा पैसे घेऊन मासा दिलाच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेता मुंबईत किंवा सुरतेत असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकता. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

नको झालेला मासा दमणगंगेत नाही

बदली होते, घर लहान पडतं, मासा मोठा होतो आणि हौस ओसरते. मग कोणीतरी दयेपोटी त्याला ओढ्यात सोडून येतं. दादरा आणि नगर हवेलीतलं बहुतेक पाणी दमणगंगेच्या खोऱ्यातलं. मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी मासेमारीवर चूल पेटणारी घरं आहेत. त्या पाण्यात शिवडा, वाम, मरळ असे आपले शिकारी मासे आहेतच. त्यांच्या जोडीला ऑस्कर किंवा गार सोडणं ही दया नाही.

परदेशी मासा नदीत गेला की काय होतं याचे पुरावे आहेत. पनामातल्या गातून सरोवरात १९६७च्या सुमारास पीकॉक बास शिरला आणि काही वर्षांतच तिथले आधी मुबलक असलेले बहुतेक स्थानिक लहान मासे नाहीसे झाले. हाच पीकॉक बास आज आपल्या दुकानांत हौसेचा मासा म्हणून मिळतो. केरळात २०१८च्या महापुरात टाक्या आणि तळी फुटली. नंतर चालकुडी नदीत मच्छीमारांच्या जाळ्यात अरापायमा आले. श्रीनगरच्या दल सरोवरात २०२३मध्ये अॅलिगेटर गार सापडला. महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयात चिलापीने केलेली गर्दी तिथल्या मच्छीमारांना विचारा. आफ्रिकन मागूर याच कारणाने देशात २०००पासून बंदी असलेला मासा आहे, तरी तो पाण्यातून हटलेला नाही.

मासा ठेवणं अशक्य झालं तर असं करा:

- ज्या दुकानातून घेतला तिथे परत द्या. पैसे मिळाले नाहीत तरी चालेल.
- वापी, सुरत, मुंबईतल्या मासे पाळणाऱ्यांच्या गटांत विचारा; त्यात मोठ्या टाक्या असलेले हौशी असतात. मासा देण्याआधी टाकी पाहून या.
- सार्वजनिक मत्स्यालयांवर भिस्त ठेवू नका. अशा माशांनी त्यांच्या टाक्या आधीच भरलेल्या असतात.
- मासा बरा न होण्याइतका आजारी किंवा जखमी असेल तर पशुवैद्यकाला विचारून लवंग तेलाच्या मोठ्या मात्रेने त्याला बेशुद्धीतच मरण देता येतं. संडासात टाकणं किंवा बर्फात घालणं क्रूर आहे.

मेलेला मासा नाल्यात न टाकता अंगणात हात-दीड हात खोल पुरा, वर दगड ठेवा म्हणजे कुत्री उकरत नाहीत. टाकीतल्या वनस्पती आणि गोगलगायीही ओढ्यात जाऊ देऊ नका. त्या उन्हात पूर्ण वाळवून मग कचऱ्यात टाका. बदललेलं पाणी मात्र वाया घालवू नका. औषध किंवा मीठ घातलेलं नसेल तर त्यातल्या नायट्रेटमुळे ते परसातल्या केळी-अळूला खतासारखं लागू पडतं.